भजनाच्या खटक्यावरचा गवई

लग्नानंतर लगेच मी एका परक्या पुरुषाच्या आवाजावर भाळले, आणि तो पुरुष नव्हताच. परवा नातीनं मोबाइलवर तेच गाणं लावलं. म्हणाली, "आजी, अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या रेकॉर्ड काढणारी ही छोटीशी कंपनी. कधीच बंद पडली, पण गाणी अजून जगभर वाजतात." मला मात्र आमच्या इस्लामपूरच्या घरातल्या तापलेल्या रेकॉर्ड प्लेअरचा वास आला.

साठच्या दशकातली गोष्ट. बोटीवर नोकरीला असलेल्या दिरानं त्या गाण्याची छोटी तबकडी पाठवली होती. प्लेअरचा वेगाचा खटका सासूबाईंच्या भजनाच्या मोठ्या, हळू फिरणाऱ्या तबकडीसाठी लावलेला; त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे ही जलद फिरवायची तबकडीही संथ फिरायची आणि आमचा गवई खर्जात, रेंगाळत गायचा. मी शहाणी किनऱ्या आवाजाच्या नवऱ्याला टोमणा मारायची, "गड्याचा आवाज कसा, तर असा असावा!" तो बिचारा मान खाली घालायचा.

दीर सुट्टीवर आला. त्यानं खटका फिरवला, आणि तबकडीतून चक्क एक बाई खणखणीत गाऊ लागली! मी प्लेअरमध्ये वाकून बघितलं. सासूबाईंचा तर जपच थांबला. नवरा तेवढा माझ्याकडे सरकून म्हणाला, "आगं, मग मला बी भजनाच्या खटक्यावर लाव की. मी बी गडी वाटंन!"