गादीताई नाव पाण्यात सोडतात

गादीताईंना एकदा हसू फुटलं की ते थांबवणं कुणाच्या हातात नसायचं, त्यांच्या स्वतःच्या तर मुळीच नाही. शाळेत असताना यापायी बाईंनी त्यांना वर्गाबाहेर उभं केलं, तर त्या बाहेर खिडकीखाली बसून हसत राहिल्या आणि आतला अर्धा वर्गही हसायला लागला. आता केस पिकले होते, मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली होती, तरी ही खोड काही सुटली नव्हती.

बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. सोफ्याची कव्हरं, खुर्च्यांच्या बैठका, उशा, गाद्या, जे काही मऊ असेल ते तिथं शिवून मिळायचं. खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं. एरवी सगळ्यांच्या त्या गादीताई. दिवसभर मशीनवर, केसांत फोमचा भुगा, तोंडात टाचण्या. तोंडात टाचण्या असताना हसायचं नाही, हा एकच नियम त्यांनी आयुष्यात कसोशीने पाळला होता.

यजमान शहराच्या बसवर ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झाले होते. घरीदारी सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेबच म्हणत. बस मागे घ्यावी तर त्यांनीच. डेपोच्या चिंचोळ्या फाटकातून ते नुसत्या आरशात बघून बस अशी आत घ्यायचे, की नवे ड्रायव्हर हातातला चहा तसाच धरून बघत राहायचे. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

गादीताईही गाडी चालवायच्या, पण फक्त पुढे. एखादं घर चुकून मागे राहिलं, तर त्या सगळ्या वस्तीला वळसा घालून परत यायच्या. गाडीला मागे जाता येतं, ही गोष्ट त्यांनी ऐकून सोडून दिली होती.

तर झालं असं, की एका म्हाताऱ्या गवंड्याने आपली छोटी नाव बैठका बदलायला त्यांच्याकडे आणून टाकली. चाकांच्या ट्रेलरवर ठेवलेली ती नाव दुकानामागच्या अंगणात उभी राहिली. कापड कुठलं घ्यायचं हे गवंडीबुवांचं काही ठरेना. तोवर गादीताई दुपारचा डबा त्या नावेत बसून खायला लागल्या. मग चहाही तिथंच. मग उगाचच. शेवटी गवंडीबुवा आले ते मुलाकडे राहायला निघाल्याचं सांगायला. नाव नेता येणार नाही, म्हणाले, तुम्हाला ठेवायची असेल तर... त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत गादीताई "हो" म्हणून बसल्या होत्या. स्वतःसाठी काही मागून घ्यायची त्यांना सवय नव्हती. त्यामुळे त्यांचा त्यांनाच धक्का बसला. त्यांनी पिवळ्याधमक रेक्झिनच्या जाडजूड बैठका शिवल्या आणि पुढच्या रविवारी तळ्यावर जायचं ठरवून टाकलं.

रविवारी गाडीच्या मागे हुकाला ट्रेलर अडकवला, टपावर वल्ही बांधली आणि तिघं निघाली. तिसरे म्हणजे सासरे. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, शब्द जपून वापरणारे. सूनबाईंशी त्यांचं बोलणं "ठेव", "बरं" आणि "पंखा कमी कर" एवढ्यातच आटपायचं. पण त्या दिवशी ते सकाळीच कपडे करून, छत्री घेऊन गाडीत जाऊन बसले होते. त्यांना "तुम्ही कशाला?" असं विचारायची कुणाची छाती झाली नाही.

तळ्यावर नावा पाण्यात सोडायला सिमेंटचा उतार होता. वर मोकळ्या जागेत तयारी चालली असताना सासऱ्यांचे गुडघे बोलायला लागले. बाकडी ओली होती, म्हणून दोघांनी स्टुलावर चढवून त्यांना नावेतच बसवलं. पिवळी बैठक त्यांना मानवली. खाली उतरायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "मी इथंच बरा आहे." मग तळ्यावरच्या रखवालदाराने त्यांच्या अंगात तरंगतं जाकीट चढवलं, आणि हळू घ्या म्हणून बजावलं.

ड्रायव्हरसाहेबांनी आरसे ठाकठीक केले आणि गाडी मागे घेतली.

ट्रेलर डावीकडे पळाला. त्यांनी सावरायला स्टिअरिंग फिरवलं, तसा तो आणखीनच डावीकडे पळाला. पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली, आता उजवीकडे. जन्मभर बस ज्या बाजूला न्यायची त्या बाजूला वळवणारे हात, आणि इथं सगळाच उलटा कारभार. रखवालदार सांगत होता, साहेब, हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, नाव जिकडे जायला हवी तिकडे हात न्या. ड्रायव्हरसाहेब मान डोलवत होते, पण हात आपलंच खरं करत होते. मागे आणखी नावा येऊन थांबल्या. त्या नावा घेऊन आलेली माणसं आधी सल्ले देत होती. नंतर त्यांनी डबे उघडले.

एकदा तर ट्रेलर इतका वळला, की नाव गाडीच्या मागच्या खिडकीला येऊन भिडली. ड्रायव्हरसाहेबांनी मान वळवली तर काचेपलीकडे हातभर अंतरावर त्यांचे वडील, मांडीवर छत्री घेऊन.

"काय रे," सासऱ्यांनी शांतपणे विचारलं, "आलं का तळं?"

गादीताई गवतावर बसल्या. मग आडव्या झाल्या. पोटात कळ यायला लागली तरी हसू थांबेना. त्यांनी पदर तोंडात कोंबला, काही उपयोग झाला नाही. ड्रायव्हरसाहेब गाडीतून उतरले. त्यांचे कान लाल झाले होते.

"एवढं हसू येतंय, तर तूच घे मागे," ते म्हणाले.

ते रागाने बोलले होते, पण गादीताईंनी ते सरळ अर्थाने घेतलं. डोळे पुसत त्या गाडीत बसल्या. हात स्टिअरिंगच्या खाली धरला, मागे वळून काचेतून सासऱ्यांच्या टोपीकडे नजर लावली आणि टोपी पाण्याकडे न्यायची, एवढंच मनाशी धरलं. मोडायला त्यांच्याकडे जुनी सवयच नव्हती. टोपी जरा उजवीकडे सरकली, त्यांनी हात डावीकडे नेला. टोपी परत मधे आली. गाडी, ट्रेलर, नाव आणि सासरे एका रेषेत, सुईत दोरा जावा तसे, उतारावरून खाली निघाले. डबे खाणाऱ्यांचे घास हातात राहिले. ड्रायव्हरसाहेब नावेच्या दोरीचं टोक धरून बाजूने चालत होते आणि त्यांचा राग पावलागणिक उतरत होता. पाण्याशी पोचल्यावर रखवालदाराने नाव ट्रेलरला बांधलेला पट्टा सोडला. गादीताईंनी गाडी आणखी थोडी मागे घेतली आणि नाव अलगद पाण्यावर उचलली गेली.

ड्रायव्हरसाहेबांना राहवलं नाही. बायकोचं कौतुक करायला त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या, दोन्ही हातांनी.

गादीताईंनी पाहिलं, तर ट्रेलर रिकामा, यजमान टाळ्या वाजवताहेत आणि सासरे लहान लहान होत चाललेत. वल्ही गाडीच्या टपावर. त्यांनी हँडब्रेक ओढला आणि नेसत्या साडीनिशी पाण्यात धाव घेतली. पोहायला त्यांना लहानपणापासून येत होतं; ड्रायव्हरसाहेबांना बादलीतल्या पाण्याचीही धास्ती. पण हसताना पोहता येत नाही, हे गादीताईंना त्या दिवशी कळलं. चार हात मारले की नाकातोंडात पाणी जायचं. कशीबशी त्यांनी नाव गाठली आणि मागच्या काठाला लोंबकळत दम खाल्ला.

वर बघितलं तर सासऱ्यांचे खांदे गदगदत होते. त्यांना धाप लागली असं गादीताईंना वाटलं. मग दिसलं, की ते हसताहेत, अजिबात आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत, आणि कवळी पडू नये म्हणून एका हाताने तोंड दाबून धरलंय. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना गादीताईंनी कधी पाहिलं नव्हतं.

"थांबा बाबा, काठाला नेते," त्या म्हणाल्या आणि पाय मारायला लागल्या.

सासऱ्यांनी तोंडावरचा हात काढला. "काठाला कशाला? आलोच आहोत, तर त्या झाडांपर्यंत जाऊन येऊ." आणि त्यांनी छत्रीने दिशा दाखवली.

गादीताईंनी काठाकडे एकदा बघितलं. तिथं ड्रायव्हरसाहेब दोन्ही हात हलवत होते. मग त्यांनी नावेला मागून ढकलत पाय मारायला सुरुवात केली. सासरे पुढे बसून "डावीकडे", "जरा उजवीकडे", "दगड आहे, सांभाळ" असं सांगत होते. सूनबाईंशी एका दमात ते इतकं कधी बोललेच नव्हते.

झाडांपाशी रखवालदाराची नाव येऊन पोचली. तिच्यात वल्ही होती आणि दोन्ही काठ घट्ट धरून बसलेले ड्रायव्हरसाहेब. दोन्ही नावा एकमेकींशी भिडवून ड्रायव्हरसाहेबांना आणि पाण्यातल्या गादीताईंना सासऱ्यांच्या नावेत घेताना सगळे मिळून बुडायचेच बाकी होते. पण एकदा वल्ही हातात आल्यावर ड्रायव्हरसाहेबांची भीती गेली. वल्हवणारा पाठमोरा बसतो, नाव जाते त्याच्या पाठीकडे. खांद्यावरून मागे बघत त्यांनी नाव दगडांमधून अशी सुरेख काढली, की गादीताईंनी ओल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. ऊन कलेपर्यंत तिघं पाण्यावरच होती.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. गादीताईंनी सांगायला सुरुवात केली, पण टोपीपर्यंत येईतो त्यांचा आवाज गेला. त्यांनी फोन यजमानांना दिला. ते टाळ्यांपाशी अडखळले. तेव्हा सासऱ्यांनी हात पुढे करून फोन मागून घेतला, खुर्चीत नीट बसले आणि नातीला सगळं पहिल्यापासून सांगायला लागले. त्यांच्या सांगण्यात वारं सुटलं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता, आणि लाटा चांगल्या खांद्याएवढ्या होत्या.