पोर्तुगालच्या बाईंच्या हाताचं माप

मला वाकडी रेघ सहन होत नाही. सोलापुरात वीस वर्षं शिवणक्लास चालवला. पोरींनी कापडावर खडूनं काढलेली रेघ जराशी जरी तिरकी दिसली, तरी मी ती पुसून पुन्हा काढायला लावायचे. पुढे पोरी येईनाशा झाल्या, क्लास बंद झाला आणि मी ऑनलाइन सुऱ्या विकायला लागले, पण ही खोड काही गेली नाही. नवरा म्हणतो, ही स्वर्गाच्या दारात पोचली तरी आधी तिथलं तोरण सरळ करील.

सुऱ्या बनवतात दुधनीचे एक लोहारमामा. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद आणि बाभळीची मूठ. मामांचा एक हट्ट आहे: हात पाहिल्याशिवाय ते मूठ घडवत नाहीत. खुरपं करून घ्यायला आलेल्या बाईला ते भट्टीपुढच्या राखेत पंजा टेकवायला सांगतात आणि मग तो ठसा न्याहाळत बसतात. "आता जर्मनीचा माणूस मी दुधनीला कुठून आणू?" असं मी एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाले, "माणूस नगं अक्का, नुसता पंजा आणा की."

मग मी गिऱ्हाइकांना सांगू लागले, की कागदावर हात ठेवा, भोवतीनं पेन फिरवा, शेजारी पट्टी ठेवा आणि फोटो पाठवा. परदेशातल्या लोकांना सुरीपेक्षा या मापाचंच अप्रूप. मामांची नजर आता अधू झालीय, म्हणून आलेला प्रत्येक पंजा मी मोठ्या कागदावर जाड मार्करनं स्वच्छ उतरवून नेते. त्या स्वच्छ उतरवण्यातच माझा घोळ झाला.

पोर्तुगालमधल्या एका बाईंची ऑर्डर आली. सोबत हा एवढा मोठा निरोप. परदेशी गिऱ्हाइकं फार लिहितात; त्यांच्याकडची थंडी, त्यांचा कुत्रा, कुत्र्याची पथ्यं. मी पहिल्या दोन ओळी फोनवर मराठीत करून वाचल्या. भाजीची पानं केसासारखी बारीक चिरायला सुरी हवी, एवढं कळलं आणि मी फोन बाजूला ठेवला. फोटोतल्या उजव्या पंजाचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं नीट होती. त्यापुढे मात्र रेघ आडवी जाऊन सरळ मनगटाकडे उतरली होती. पेन घसरलं असेल, नाहीतर कागद पुरला नसेल, असं मी धरून चालले. उतरवताना स्वतःचा हात मोठ्या कागदावर ठेवला आणि राहिलेली दोन बोटं मीच आखून टाकली. वर स्वतःवर खूशही झाले.

सुरी झाली. आमच्या शेजारी मागावर काम करणारं एक तेलुगू कुटुंब राहतं. त्यांच्याकडून टॉवेलच्या चिंध्या आणून मी पातं गुंडाळते, मग पुठ्ठा, मग खोकं. पोस्टातले साहेब आता ओळखीचे झालेत. "मॅडम, कोयता न्हाय ना आत?" असं विचारल्याशिवाय ते वजन करत नाहीत. मी फॉर्मवर 'स्वयंपाकघरातली सुरी, घरगुती वापर' असं लिहिलं आणि पार्सल गेलं. पाच आठवड्यांनी ते पोचल्याचं मोबाइलवर दिसलं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा निरोप आला. या वेळी अगदी छोटा. 'सुरी फार देखणी आहे. पण ही मूठ माझ्या आधीच्या हाताची आहे. मी काढून पाठवलेला हात तुम्ही पाहिला नाही का?' खाली फोटो होता. मूठ धरलेला हात, त्याला तीनच बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून नव्हतं.

मग तो पहिला लांबलचक निरोप उघडून शेवटपर्यंत वाचला. बाई बेकरीत कामाला होत्या, कणीक मळायच्या मशीनमध्ये हात गेला. त्यांच्याकडे हिरव्या पानांचं एक सूप करतात, त्यासाठी पानांची गुंडाळी करून ती अगदी बारीक चिरावी लागतात. गावात त्यांच्यासारखं कोणी चिरत नसे. अपघातानंतर सगळं सून चिरते, आणि बाई बाजूला खुर्चीत बसून राहतात. शेवटी लिहिलं होतं, 'हा हात मी वर्षभर रुमालाखाली ठेवला. तुम्ही माप मागितलंत म्हणून काल पहिल्यांदा तो नीट पाहिला. काढताना रडू आलं, पण काढला.'

आणि मी त्या हाताला दोन बोटं जोडून दिली होती! इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. उत्तर चार वेळा लिहून खोडलं. शेवटी खरं तेच लिहिलं: मी निरोप वाचला नाही, चूक माझी आहे, नवी सुरी करून पाठवते, आणि तुमचा हात आता मी पाहिला आहे.

दुसऱ्या दिवशी गाडीनं दुधनी गाठली. मामांना सगळं सांगितलं. ते भडकतील असं वाटलं होतं, तर त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि तो फोटो कितीतरी वेळ पाहिला. मग म्हणाले, "तवाच मला वाटलं हुतं. तीन बोटं राबणाऱ्या बाईची आनि दोन बोटं शिवनकाम करनाऱ्या बाईची. आसा हात कुटं आसतोय व्हय?"

"मग बोलला का नाही मामा?"

"तुमी लिवून आणलेलं. आमी काय बोलायचं?"

हे मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

मामांनी चिंधीनं स्वतःची दोन बोटं तळहाताला बांधून घेतली आणि कामाला घेतलेल्या सुऱ्यांची एकेक मूठ हातात घेऊन बघायला लागले. मग माझीही बांधली. घरातून मामींनी मेथीच्या दोन जुड्या आणि पाट आणून दिला. "चिरा," मामा म्हणाले. पहिली मूठ दाबली की तळहातात फिरायची. करंगळीच्या बाजूला धरायला काही नसलं म्हणजे सुरी किती परकी होते, ते मला त्या दिवशी कळलं. मेथीचा नुसता चोथा झाला. मी चिडून सुरी आपटली, तर मामी शांतपणे म्हणाल्या, "त्या बाईला आपटून भागंल व्हय?" मी परत चिरायला लागले.

मामांनी पुढच्या बाजूला मूठ जाड केली, अंगठ्याखाली खोलगट केली आणि मागचं टोक वाकवून तळहाताच्या टाचेत रुतेल असं केलं. चौथ्या मुठीला मेथी सुटी सुटी पडायला लागली. "हां," मामा म्हणाले, "आता हाय." संध्याकाळी आम्ही तिघांनी तीच मेथी ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली. मामींनी चोथ्यावरून मला यथेच्छ चिडवलं.

दुसरं पार्सल तिकडच्या कस्टममध्ये तीन आठवडे अडकलं. धारदार वस्तू कशासाठी, असा सवाल आला. बाईंनी स्वतः जाऊन हात दाखवला आणि पार्सल सोडवून आणलं. 'मी हातावर रुमाल न घालता गेले होते,' असं त्यांनी मला मुद्दाम कळवलं.

त्यानंतर आठवडाभर काहीच नाही. मी दिवसातून दहादा फोन बघायचे. मूठ फिरत असेल का? तिकडच्या पानांचा देठ मेथीपेक्षा जाड असेल का? नवरा म्हणाला, तूच आता पोर्तुगालला जाऊन ये.

मग एका दुपारी व्हिडिओ आला. ओट्यावर मोठाल्या हिरव्या पानांची घट्ट गुंडाळी, आणि तो हात. पहिला काप जाड पडला, दुसराही. तिसरा बारीक. चौथ्याला गुंडाळी सुटली, पानं पसरली. बाई काहीतरी पुटपुटल्या, पानं गोळा करून पुन्हा गुंडाळायला लागल्या. तेवढ्यात शेजारून एक तरुण हात पुढे आला, सुनेचाच असणार, आणि सुरी घ्यायला लागला.

"अगं, राहू दे की! तिचं तिला करू दे!" मी माझ्या स्वयंपाकघरात एकटीच ओरडले.

बाईंनी तो हात कोपरानं ढकलून दिला आणि चिरत राहिल्या.