छातीला न चिकटणारा गोंद

धुळ्याच्या आमच्या घरमालकांना, नानांना, कुठलीही वस्तू आधी नाकाशी नेण्याची सवय होती. साबण, धोतरजोडी, केळीचा घड, एवढंच काय, मी तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिकासुद्धा ते हुंगून बघत आणि "चांगला वर्ग शे" असा निकाल देत. मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहणारी शिक्षिका. मला ते 'बाई' म्हणत आणि रोज संध्याकाळी खालूनच जेवण झालं का ते विचारत.

त्यांच्या पत्नीला, अक्कांना, दमा होता. लाकडी खिडक्या वाळवीनं पोखरल्या होत्या आणि उन्हाळ्यात फटींतून धूळ थेट अंथरुणावर येई. अक्का रात्र रात्र उशांना टेकून बसूनच काढत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका चैत्रात नानांनी त्या खिडक्या काढून अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवून घेतल्या. चौकट आणि भिंत यांच्यातली फट झाकायला वरून प्लास्टिकची पट्टी लावायची होती. भिंत जुनी, खिळा ठोकला की गिलावा ढासळे. तेव्हा पट्टी चिकटवायची ठरली.

फिटरनं नेहमीचं पिवळं सोल्यूशन उघडलं आणि त्या उग्र वासानं अक्कांचा श्वासच अडकला. आम्ही दोघांनी त्यांना धरून माडीवर आणलं. बऱ्याच वेळानं त्या बोलायला लागल्या, तेव्हा नाना खाली गेले. फिटर सांगत होता की याच्याइतकं पक्कं दुसरं काही नाही. नाना त्याला शांतपणे म्हणाले, "भिंतले चिकटाले जोयजे, छातीले नही."

काम थांबलं. फटींत जुन्या साड्या कोंबल्या गेल्या आणि नाना गोंदाच्या शोधाला लागले. जो गोंद मिळेल तो आणायचा, पट्टीचा तुकडा गच्चीच्या कठड्याला चिकटवायचा आणि दुपारच्या उन्हात धरतो का ते बघायचं. पांढऱ्या गोंदाला वास नव्हता, पण तो प्लास्टिकला धरेना. दोन नळ्यांतलं मिश्रण घट्ट बसलं, पण नाना निर्धास्तपणे "वास नही" म्हणाले आणि अक्कांना तो दारातूनच आला.

"तपकीरनी तुमनं नाक मारी टाकं," अक्का म्हणाल्या. "तुमले काय वास येस?"

त्या दिवशी नानांनी तपकिरीची डबी मला देऊन टाकली. पुढचा आठवडा ते सगळ्यांवर चिडत होते. मग एका सकाळी जिन्यातून ओरडले की बाई, तुमची डाळ करपतेय. डाळ खरंच करपत होती. नाना इतके खूश झाले, की करपलेली डाळ वाटीभर मागून घेऊन गेले.

शेवटी जळगावच्या एका दुकानातून त्यांनी सिलिकॉनची नळी आणली. शिळ्या ताकासारखा आंबूस वास होता, पण सुकल्यावर तो उरत नव्हता, आणि कठड्यावरची पट्टी भर उन्हात ओढूनही सुटेना. ओल्या वासात मात्र अक्कांना ठेवायचं नव्हतं. नानांनी त्यांना नशिराबादला माहेरी धाडलं. कित्येक वर्षांत त्या तिथं मुक्कामाला राहिल्या नव्हत्या. यांच्या जेवणाचं काय, हीच त्यांची काळजी. जाताना नव्या लुगड्यात त्या मुलीसारख्या हसत होत्या.

पट्ट्या बसल्या. नानांनी दोन्ही वेळा माझ्याकडे जेवून दिवसभर खिडक्या उघड्या ठेवल्या, रोज भिंतींना नाक लावून पाहिलं आणि वास पुरता गेल्यावरच निरोप धाडला. अक्का आल्या त्या दुपारी बाहेर वावटळ उठली होती. त्यांनी खिडकीखालच्या फळीवरून बोट फिरवलं, बोट स्वच्छ. मग त्या आडव्या झाल्या, एकाच उशीवर.

मी शाळेतून आले तर नाना उंबऱ्यावर मान कलती करून बसलेले. काय झालं म्हणून मी घाबरून विचारलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"आयकी राहिनू," ते पुटपुटले.

मी कान दिला. आत अक्का गाढ झोपल्या होत्या. ना घरघर, ना खोकला.

"काहीच ऐकू येत नाही, नाना."

"तेच आयकी राहिनू," नाना म्हणाले.