पुराव्यासह लिहावे, ही विनंती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल तर माझ्याबद्दल तुमचं मत चांगलंच असणार. तेच मला हल्ली सोसत नाही. आमच्या भागात माझं नाव काढलं की लोक म्हणतात, सर म्हणजे शांत माणूस. ग्रुपवर कुणी काहीही लिहू दे, सर तोल सोडत नाहीत.

खरं आहे ते. त्या दुपारीही मी तोल सोडला नव्हता.

आमचं गाव जळकोटपासून जवळ, हायवेला लागून. मी आयुष्यभर मराठी शिकवलं आणि पोरांना वादविवाद स्पर्धेसाठी तयार केलं. कुठं थांबायचं, कुठं 'माझे सन्माननीय प्रतिस्पर्धी' म्हणायचं, हे सगळं शिकवलं. रिटायर झालो आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन झालो. तेव्हा त्या ग्रुपची काय दशा होती, काय सांगू? निवडणुकीनंतर लोक एकमेकांच्या आया-बहिणी काढायचे, सकाळी उठून तेच वाचायचं. मी नियम टाइप केले. अरेतुरे नको. कुणाच्या घरच्यांवर जाऊ नये. पुराव्याशिवाय आरोप नको. आधी समोरच्याचं म्हणणं नीट समजून घ्यावं, मग उत्तर द्यावं. अशा सहा ओळी होत्या, आणि महिन्याभरात ग्रुप सुतासारखा सरळ झाला.

ते नियम चुकीचे होते का? मला अजूनही तसं वाटत नाही. हेच तर अवघड आहे सांगायला.

मागच्या वर्षी तालुक्याच्या एका कॉलेजनं मला बोलावलं — ऑनलाइन वाद शांतपणे आणि आदरानं कसा करावा, या विषयावर. पाऊण तास बोललो. राग आला की फोन पालथा ठेवा, पाणी प्या, मग लिहा. माणसावर बोलू नका, मुद्द्यावर बोला. मुलं वहीत उतरवून घेत होती. आणि मग मी एक उदाहरण दिलं. आमच्या गावातले एक वयस्कर गृहस्थ, फारसे शिकलेले नाहीत, ग्रुपवर मोठमोठ्यानं बोलायला लागले. मी एकही कडू शब्द न वापरता तो वाद एका दुपारात मिटवला. टाळ्या पडल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला. गृहस्थांचं नाव मी घेतलं नव्हतं — ते सभ्यतेत बसलं नसतं.

त्यांचं नाव खंडूअण्णा.

खंडूअण्णा माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. सही करतात, तेवढंच लिहिणं. मेंढरांना लस टोचायची असो, रेशन कार्डात नाव चढवायचं असो, अर्ज मीच लिहून द्यायचो. ते समोर उकिडवे बसायचे आणि मी काय लिहितोय ते कौतुकानं बघत राहायचे. आवाज मात्र खणखणीत. माळावर दोन शेतं पलीकडच्या माणसाशी हळू बोलून कसं चालेल? नातीनं त्यांना फोन शिकवला, पण शिकवला म्हणजे बटण दाबून बोलायला शिकवलं. ते ग्रुपवर बोलायचे. लिहीत कधीच नव्हते.

आता वाटेचं सांगतो. आमच्या गावातून तलावाकडं आणि तलावावरून पलीकडच्या वाडीला जाणारी एक वाट होती. बैलगाडी जाईल एवढी. दोन्ही बाजूंना बोरी-बाभळी, मध्ये एक ओढा. नकाशात ती नव्हती. वहिवाटीची वाट. लोक चालत आले म्हणून ती होती, आणि लोकांना आठवत होतं एवढाच तिचा दाखला. मेंढरं पाण्यावर न्यायला खंडूअण्णांना तेवढी एकच वाट. ती नसेल तर हायवेवरून जायचं.

बाबूदादांनी ती वाट मोडली. बाबूदादा म्हणजे माझे सख्खे चुलतभाऊ. मृगाच्या आधी ट्रॅक्टर घातला, बोरी उपटल्या, वाट सोयाबीनच्या रानात घेतली आणि तारेचं कुंपण मारलं. मला ते दोन दिवसांनी कळलं. वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण बाबूदादांसमोर ते बोलायचं म्हणजे — जाऊ द्या. त्यांनी मला एका शब्दानंही काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दडपण आलं असं तरी म्हणता आलं असतं. तेवढीही सोय नाही.

खंडूअण्णांनी दुपारी ग्रुपवर आवाज टाकला. "वाट मोडली की रं. आता मेंढरं कुठनं न्यायची, हायवेवरनं? लई वंगाळ काम केलं ह्ये. गावात कुनी बोलनार हाय का न्हाय?" शिवी नव्हती त्यात. कुणाचं नावसुद्धा नव्हतं. पण आवाज मोठा होता, आणि फोनमधून मोठा आवाज आला की भांडणासारखाच वाटतो.

मी काय केलं? फोन पालथा ठेवला. पाणी प्यायलो. मग चष्मा पुसून लिहिलं. ते मला अजून पाठ आहे.

"आदरणीय खंडूअण्णा, आपल्या भावनांचा आदर आहे. तथापि सदर वाट गाव नकाशात दिसून येत नाही. ती पूर्वापार वहिवाटीची होती असे आपले म्हणणे असल्यास कृपया पुराव्यासह लिहावे, ही विनंती." खाली दोन जोडलेले हात.

लिहावे, ही विनंती. ज्या माणसाचे अर्ज मी वीस वर्षं लिहून दिले त्याला मी म्हणालो — लिहावे. आणि वाक्य किती छान उतरलं याचा मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू? मला वाद जिंकायला आवडतं. गोड बोलून जिंकायला तर फारच आवडतं.

पण इथवरचं एखाद्या वेळी मी बायकोला सांगितलंही असतं. पुढचं नाही.

पाचेक मिनिटांत त्यांचा दुसरा आवाज आला. एकोणचाळीस सेकंदांचा. मी फोन कानाला लावून ऐकला.

"पुरावा मागताव का सर? आता काय सांगायचं. तुमी नोकरीला लागला तवा चार वर्सं रोज त्याच वाटंनं वाडीच्या शाळंला जायचाव. पावसाळ्यात तुमची सायकल चिखलात रुतली की म्या खांद्यावर घिऊन वढ्याच्या पल्याड टाकायचो. इसरलाव का? लोकहो, वाट व्हती का न्हाय ते सरांस्नीच इचारा. सर खोटं बोलायचे न्हायत."

मी तो आवाज पुन्हा एकदा ऐकला. विसरलो होतो का? कुठं विसरतोय. आमच्या काळ्या मातीतला चिखल चाकाला आणि मडगार्डला असा धरायचा की सायकल पुढंही जायची नाही आणि मागंही. मी पायजमा वर खोचून, वह्यांची पिशवी छातीशी धरून उभा. आणि खंडूअण्णा सायकल खांद्यावर टाकून पुढं चाललेत, मागं मेंढरं. एकदा माझी चप्पल चिखलात गेली ती त्यांनी काठीनं काढून, ओढ्यात धुवून दिली. चार पावसाळे. तेव्हा मला वाटायचं, या माणसाचे उपकार कसे फेडायचे.

मला तीन शब्द लिहायचे होते. हो, वाट होती. एवढंच. मास्तरचा शब्द गावात चालतो. बाबूदादा महिनाभर बोलले नसते, एखाद्या लग्नात तोंड फिरवलं असतं. बस. त्यापलीकडं काय होणार होतं?

मी त्या आवाजावर बोट दाबून ठेवलं आणि तो सगळ्यांच्या फोनमधून काढून टाकला. अ‍ॅडमिनला ते करता येतं. मग सातवा नियम लिहिला — आजपासून ग्रुपवर व्हॉइस मेसेज बंद. बोलताना वाद वाढतात, लिहिताना माणूस विचार करतो. सर्वांनी सहकार्य करावे.

धडाधड अंगठे आले. कुणीतरी लिहिलं, वाद कसा करावा हे सरांकडून शिकावं. बाबूदादांनी नुसता नमस्कार टाकला.

खंडूअण्णांनी तिसरा आवाज टाकला. तो मी ऐकलाच नाही, तसाच काढला. त्यानंतर त्यांनी ग्रुपवर काही टाकलं नाही.

मेसेज काढला की त्या जागी एक ओळ उरते, अ‍ॅडमिननं काढल्याची. ती ओळ दोनशे माणसांनी वाचली असेल. मधल्या पाच-सात मिनिटांत कुणीतरी तो आवाज ऐकलाही असेल. मला कुणी विचारलं नाही. ग्रुपवर तेवढी शांतता मी आणलीच होती.

पुढं ग्रामसभेत कुणीतरी वाटेचा विषय काढला. सरपंच म्हणाले, ग्रुपवर त्याची रीतसर चर्चा झाली, पुरावा काही आला नाही. मी पहिल्या रांगेत होतो. खंडूअण्णा नव्हते, सकाळची वेळ, मेंढरं सोडायची वेळ. सरपंचांनी माझ्याकडं पाहिलं. मी कागद चाळत होतो. पुढचा विषय दिवाबत्तीचा निघाला.

मेंढरं हायवेवरून जायला लागली. दिवाळीच्या आसपास एक टँकर कळपात शिरला. नऊ मेंढरं जागेवर गेली, काही नंतर. मी बघायला गेलो होतो — सगळं गावच गेलं होतं. खंडूअण्णा रस्त्याच्या कडेला बसले होते, एका पाटीच्या, कोवळ्या मेंढीच्या अंगावर हात ठेवून. ती अजून धापत होती. मी मागं, लोकांच्या पाठीआड उभा राहिलो. त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, 'अत्यंत दुःखद घटना.' शुद्धलेखन तपासून लिहिलं.

उरलेला कळप त्यांनी बाजारात काढला. आता ते हायवेवरच्या ढाब्यावर असतात. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी. गाड्या आत घ्यायच्या, बाहेर काढायच्या. आयुष्यभर मोकळ्या रानात हिंडलेला माणूस दिवसभर डिझेलच्या धुरात उभा असतो. वाट अजून बंद आहे. यंदा बाबूदादांनी तिथं द्राक्षाची बाग धरली, म्हणजे आता ती उघडणारही नाही. मी आज उठून सांगितलं तरी नाही. कॉलेजातलं भाषण मी या सगळ्यानंतर दिलं, हेही तुम्हाला कळलं पाहिजे.

तरी मी म्हणालो असतो की अजून मी तोंडानं खोटं बोललेलो नाही. मनाशी तेवढं म्हणत होतो. मग या उन्हाळ्यात तेही गेलं.

स्कूटरवरून हायवे ओलांडायला ढाब्यापाशी थांबलो होतो. खंडूअण्णांनी मला पाहिलं आणि आले. "नमस्कार सर. तब्येत बरी हाय का?" मी बरी आहे म्हणालो. ते घुटमळले. मग खालच्या आवाजात — त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता — म्हणाले, "सर, येक इचारू का? त्या दिशी तुमी पुरावा मागितल्यावर म्या दोनदा बोललो, पर ग्रुपवर ऱ्हायलं न्हाय. नात म्हनली, निघून गेलं. माझ्याकडनंच कायतरी भलतं दाबलं गेलं असंल न्हाय का? तुमच्यापतूर आलंच नसंल. आलं असतं तर तुमी बोललाच असताव."

ते माझ्या तोंडाकडं बघत होते, पूर्वी अर्जाकडं बघायचे तसे.

मी म्हणालो, "असेल अण्णा. मोबाइलचं असंच असतं."

त्यांनी मान हलवली. "तेच म्हनलं," म्हणाले. कसलं तरी ओझं उतरल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग ते रस्त्यात उतरले, शिट्टी वाजवली, दोन्ही हात आडवे करून एक ट्रक थांबवला, त्याच्या मागची जीपही थांबवली, आणि मला म्हणाले, "जावा सर, वाट मोकळी हाय."

मी गेलो.