मामांच्या हातचा मोगरा

माझ्या बायकोच्या मामांइतका हिरव्या रंगाचा हाडवैरी अख्ख्या पनवेल तालुक्यात शोधून सापडणार नाही, आणि देवाने नेमकी त्यांनाच बागेची हौस दिली आहे. बरं, स्वतःच्या बागेची असती तर मी चकार शब्द काढला नसता. पण मामा राहतात खारघरला, मुलाकडे, सातव्या मजल्यावर. आणि बाग आहे विचुंब्याला, माझ्या दारात. दोन खाटा मावतील एवढीच जागा. संक्रांत झाल्यावर मी आणि बायकोने तिथलं बिल्डरने पुरून ठेवलेलं डबर उपसलं, लाल माती आणून पसरली, मेथी-पालक पेरला, झेंडूचं बी टाकलं, कडेला जास्वंद लावली. शिमग्यापर्यंत हे सगळं कसं तरारून येईल याची मनात चित्रं रंगवत आम्ही पायरीवर बसायचो. तेवढ्यात मामा आले, आणि मग रोज येतच राहिले.

मामांचा उभा जन्म मिठागरात गेला. मिठागराचं शास्त्र साधं असतं. वाफ्याची जमीन पायांनी तुडवून तुडवून तळहातासारखी सपाट करायची, आणि तीत गवताची एक काडी जरी डोकावली तरी ती उपटून बांधापलीकडे फेकायची. जिथे काही उगवतं, तिथे मीठ पिकत नाही. गाव विमानतळाच्या जागेत गेलं, मिठागर त्याआधीच बुजलं, पण मामांच्या बोटांना ते कुणी कळवलंच नाही. मेथीने पहिल्यांदा डोकं वर काढलं त्या सकाळी मी त्यांच्यासाठी चहा आणायला आत गेलो. कप घेऊन बाहेर येतो तर वाफा लख्ख. मामा धोतर खोचून अनवाणी त्यावर तालात पाय आपटत होते.

"सगला साफ केला बगा, जावयबापू. लय रान माजलं व्हतं."

"मामा, ती मेथी होती."

"मेथी?" त्यांनी बांधावरची जुडी उचलून नाकाशी धरली. "व्हय की. मंग आदी सांगाचा ना!"

मी पुन्हा पेरली आणि वाफ्यात ‘मेथी’ अशी पाटी रोवली. मामांनी त्या पाटीचा अक्षरशः मान राखला. मेथीला हात लावला नाही आणि ज्याला पाटी नव्हती तो पालक मुळासकट काढला. मग मी बागेत इतक्या पाट्या रोवल्या की शेजारच्या वहिनींनी विचारलं, "भाऊजी, हे नक्की काय उगवतंय?" त्यावर मामाच फाटकातून म्हणाले, "लाकडा उगवतान, बाय." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

आल्या आल्या चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि मातीत खार किती ते ठरवायचं, ही त्यांची आणखी एक खोड. घरी मी ती सोसली. पण एकदा त्यांना नर्सरीत नेण्याची दुर्बुद्धी मला झाली. तिथे त्यांनी गांडूळखताच्या उघड्या पोत्यात हात घातला आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत एक चिमूट तोंडात टाकली. मालक गल्ला सोडून धावत आला. मामा शांतपणे जीभ टाळ्याला लावून म्हणाले, "चांगला हाय. जरा अलनी हाय, पन चांगला हाय." त्यानंतर मी त्या नर्सरीत गेलेलो नाही. कुंड्या आता कळंबोलीहून आणतो, आणि त्या महाग पडतात.

एवढं असूनही मी त्यांना "येऊ नका" का म्हटलं नाही, असं कुणीही विचारेल. त्याला कारण मोगरा. गाव हललं तेव्हा लोकांनी टेम्पोत कपाटं, गाद्या, देव्हारे भरले. मामांनी रंगाच्या रिकाम्या डब्यात मामींच्या दारातला मोगरा घेतला. मामी तेव्हा नुकत्याच गेल्या होत्या. त्या असताना चैत्रात अख्ख्या आळीतल्या पोरीबाळींच्या वेण्या त्यांच्या मोगऱ्यावर सजायच्या, असं माझी बायको सांगते. तिच्याही सजल्या आहेत. फ्लॅटच्या गॅलरीत त्या झाडाने जीव तेवढा धरला, पण कळी कधी धरली नाही. आमच्या दारात लाल माती पडली हे कळताच मामा तो डबा मांडीवर घेऊन बसने आले आणि दारातच उभं राहून म्हणाले, "हिला भुई द्या, जावयबापू. एकदा फुललेली बगली की झाला." मामा मोगऱ्याला ‘ही’च म्हणतात. बागेत पाटी नसलेलं आणि तरीही मामांच्या बोटांतून सुटलेलं तेवढं एकच झाड होतं.

आणि त्यालाच त्यांनी मारायला काढलं. शिमग्याच्या सुमारास त्यांच्या एका जुन्या सोबत्याच्या आगरात पहिलं मीठ निघालं. पहिलं मीठ आधी देवापुढे, मग लेकीबाळींच्या घरी आणि उरलेलं दारातल्या माडाच्या बुंध्यात, अशी त्यांच्या घरची रीत. आमच्याकडे माड नाही. मामांनी बायकोच्या हातात पुरचुंडी दिली आणि उरलेलं मीठ, चांगलं ओंजळभर, मोठ्या मायेने मोगऱ्याच्या मुळाशी घालून वर तांब्याभर पाणी ओतलं. आपल्याकडचं सगळ्यात चांगलं त्यांनी तिला दिलं होतं. दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या, तिसऱ्या दिवशी पानं गळू लागली. बायकोने माती उकरली तेव्हा आम्हाला सारा उलगडा झाला. ती बादल्या भरभरून पाणी ओतत राहिली. मामा पायरीवर बसले होते. "मीच केला ना?" एवढंच त्यांनी विचारलं आणि छत्री उचलून निघून गेले.

मग ते आलेच नाहीत. फोन केला की सूनबाई सांगायची, बाबांचे पाय दुखतायत. इकडे बाग मात्र सुटली. मेथी दोनदा खुडून झाली, पुन्हा पेरलेला पालक हातभर झाला, झेंडू पाडव्याच्या तोरणाला पुरून उरला. ज्यासाठी मी एवढा वैतागलो होतो ते सगळं माझ्यासमोर डोलत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. सकाळी चहाचा दुसरा कप उगाच हातात यायचा. मला मामांची आठवण यायची, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पाडवा झाल्यावर एका सकाळी मोगऱ्याच्या वाळक्या काडीला, अगदी जमिनीलगत, कोंब दिसला. त्याच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी पांढरट होतं. बायकोने चष्मा लावून पाहिलं आणि ती तशीच आत जाऊन फोनवर म्हणाली, "मामा, पाय दुखत असले तरी या."

मामा आले. त्यांनी माती चाखली नाही. मोगऱ्यापुढे उकिडवे बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग त्यांचा उजवा हात आपोआप पुढे झाला. अंगठा आणि तर्जनी त्या कोंबाच्या बुडाशी जाऊन टेकली. पण तेवढ्यात मामांनी डाव्या हाताने आपलंच उजवं मनगट गच्च पकडलं.

"जावयबापू," ते मान वर न करता म्हणाले, "हात धरा माजा. यो ऐकत नाय."

मी शेजारी बसलो आणि त्यांचा हात हातात घेतला. मिठाने चरे पडलेला तो तळवा माझ्या हातात हळूहळू सैल झाला. कळी उमलायला अजून अवकाश होता. आम्ही तसेच बसून राहिलो.