हळदीखालची खाच

माझा कॉम्प्युटर सुरू व्हायला किती वेळ लागतो, हे आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना पाठ होतं. बटण दाबून मी धुणं वाळत घालायला गच्चीवर जायचे. खाली आले तरी पडद्यावरचं चक्र गोल गोल फिरतच असायचं. थोरले दीर, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, येताजाता त्याच्याकडं बघून विचारायचे, "उठला का गं तुझा कुंभकर्ण?" सगळे हसायचे. मीही हसायचे. आपल्या फजितीवर आपणच आधी हसून घेतलं की दुसऱ्याचं हसू जरा शिळं होतं, हे मी सासरी आल्यावर पहिल्याच वर्षी शिकले होते.

कॉम्प्युटरवर मी लग्नपत्रिका करते. लग्नाआधी इंदापूरला टायपिंग शिकले होते, तेवढ्या भांडवलावर. कन्हेरीतल्या आणि आसपासच्या लोकांच्या पत्रिका मी मांडून देते, छपाई बारामतीला होते. बाहेरच्या माणसाला हे सोपं वाटेल. त्यानं आमच्याकडची पत्रिका पाहिलेली नसते. नवरानवरीचं नाव त्यात शोधावं लागतं. निमंत्रक, कार्यवाहक, स्वागतोत्सुक, आपले नम्र आणि शेवटी चिमुकल्यांची किलबिल. कोणाचं नाव कोणाच्या वर, कोणाला 'राव' लावायचं, कोणता चुलता दोन वर्षं बोलत नाही पण नाव नसलं तर मांडवात येऊन भांडेल, हे सगळं मला ठाऊक असतं. लोक येतात आणि म्हणतात, "थोरलीच्या लग्नाची काढा, तीच ठेवा, फक्त नवरी बदला." म्हणून जुनी एकही पत्रिका मी पुसत नाही. अख्ख्या भावकीचे रुसवेफुगवे त्या डबड्यात जपून ठेवलेले आहेत.

तर दसरा झाला आणि दादांनी जेवता जेवता जाहीर केलं, की दिवाळीच्या आत पुढच्या खोलीत टीव्हीचं युनिट करायचं. भिंतभर. सुतार सांगून झाला होता. भिंतभर म्हणजे खिडकीजवळचा माझा कोपराही त्यात आला.

"आणि कॉम्प्युटर?" मी विचारलं.

"त्यो काय आता चालतोय व्हय? भंगारवाल्याला देऊ. आता मोबाईलवर पत्रिका पाठवत्यात लोकं."

मी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. हे साखर कारखान्यात नोकरीला, सोमेश्वरनगरला रोज मोटारसायकलवर जाऊन येऊन. कारखान्यात शंभर माणसांच्या गोंगाटात ह्यांचा आवाज ऐकू येतो म्हणे. घरी भावासमोर ह्यांनी आमटीत भाकरी अशी काही मन लावून कुस्करली, की जणू कारखान्यातली पाळीच संपवायची होती.

मी दादांना अजून एक भाकरी वाढली. खरं सांगायचं तर दादांचं पटत होतं. मशीन खरंच चालत नव्हती. एखादी फाइल उघडताना आतून कुरकुर आवाज यायचा. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची घाई सुरू होते आणि गेल्या हंगामात दोन गिऱ्हाइकं माझ्या खुर्चीशेजारी बसून बसून शेवटी बारामतीला निघून गेली होती. काम बंद पडलं असतं तर कोणी मला हाकललं असं म्हणायलाही जागा नव्हती. तेच जास्त झोंबत होतं.

मग मी मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागले. हिंदी कळतं, इंग्रजी निम्मं कळतं, उरलेलं माणसाच्या हातवाऱ्यावरून लावून घेते. त्यातून मला एसएसडी कळली. जुन्या हार्डडिस्कमधे तबकडी फिरते आणि एक काटा तिच्यावर हिंडून हिंडून तुमची फाइल शोधतो. ह्या नव्या वस्तूत फिरणारं काहीच नाही. च्युइंगमच्या पट्टीएवढी, सपाट, आणि म्हणे मशीनच्या आतल्या पाटावर, म्हणजे मदरबोर्डवर, थेट एका खाचेत जाऊन बसते. मशीन तीच, नुसती तेवढी पट्टी बदलायची. व्हिडिओतला माणूस म्हणत होता की जुना कॉम्प्युटर फेकू नका, त्याला आधी ही द्या. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. पहिल्या तीन वेळा काही समजलं म्हणून नाही, कोणीतरी माझ्या बाजूनं बोलतंय म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळला आणि वडापच्या जीपमधे मांडीवर घेऊन बसले. शेजारी एक आबा होते.

"काय हाय मांडीवर?"

"कॉम्प्युटर."

"आजारी हाय व्हय?"

"म्हातारा झालाय, आबा."

"मग दवाखान्यात कशाला नेता? ऱ्हाऊ द्यायचं घरी, सुखानं."

जीपमधली सगळी हसली. मी आपलं आधीच हसून घेतलं होतं.

बारामतीतल्या दुकानदारानं चादरीतून डबा बाहेर काढायच्या आधीच मान हलवली. मला काकू म्हणाला. त्याचे केस माझ्यापेक्षा जास्त पांढरे होते, पण अडलं माझं होतं.

"काकू, ही लई जुनी मशीन. हिच्यात ती बारकी पट्टी बसत न्हाय. खाचच नसती ह्यात. नवीन घ्या."

"उघडून बघा की."

"उघडायची गरज न्हाय. बघूनच कळतंय."

"मग मला बी बघून कळू द्या. उघडा."

"काकू, गिऱ्हाइकं हायत."

"मी बी गिऱ्हाईकच हाय. बसते हितंच." आणि मी स्टूल ओढून बसले. असं मी आयुष्यात कुठं केलं नव्हतं. मंडईत मेथीची जुडी सडकी निघाली तर मी परत न्यायची नाही, घरी येऊन निवडत बसायची. पण त्या दिवशी स्टूल मला काही सोडेना.

शेवटी वैतागून त्यानं कडेचे दोन स्क्रू काढले आणि झाकण ओढलं.  मग वाकून बघितलं. मग दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकालाही बोलावून दाखवलं.

आत पिवळं होतं. जाड, घट्ट, पिवळं, त्यावर लाल शिंतोडे. झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या. तांदळाचे दाणे, एखाद-दुसरा अजूनही कुंकवानं गुलाबी.

"काकू, ही मशीन हाय का देव्हारा?"

काय सांगणार! दर खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या हत्यारांची पूजा होते. ट्रॅक्टर, विळे, कोयते, शिलाई मशीन आणि माझा कॉम्प्युटर. सगळ्यांपेक्षा माझी भक्ती जास्त. डब्याच्या पुढं जिथं वारा आत ओढणारी जाळी आहे, बरोबर तिथंच मी हळदकुंकू वाहायची, वर अक्षता. मला वाटायचं, हाच त्याचा चेहरा. पूजा झाली की लगेच बटण दाबायची, शुभ म्हणून. आतला पंखा दर वर्षी माझी भक्ती नाकानं ओढून घेत होता. मशीन मरत होती ती म्हातारपणानं नाही, निदान नुसत्या म्हातारपणानं नाही. मीच तिला दर वर्षी थोडी थोडी पुरत होते, आणि वरून नमस्कार करत होते.

दुकानातली माणसं पोट धरून हसत होती. ह्यावेळी मात्र मला हसू आलं नाही. लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ राग आला, आणि तो राग फार कामाचा निघाला.

"ब्रश द्या," मी म्हटलं.

"काकू, ऱ्हाऊ द्या, मी करतो."

"न्हाय. मी घातलंय, मीच काढणार. तुमी नुसतं कुठं लावायचा न्हाय ते सांगा."

तो सांगत गेला, मी झाडत गेले. पंखा, कडा, पट्ट्या. त्यानं मधूनच फुंकायच्या यंत्रानं हवा मारली तेव्हा दुकानात जेजुरीसारखा भंडारा उधळला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर बसला. पाटाचा मधला भाग मोकळा झाला तसा तो थांबला. बोट लावून हळद पुसली. तिथं एक आडवी बारीक खाच होती, आणि तिच्या तोंडात एक अक्षता अडकलेली.

"हाय की," तो म्हणाला.

"काय हाय?"

"खाच."

मी त्याच्याकडं नुसती बघत राहिले. मला वाटतं त्याला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं, कारण चहा त्यानं स्वतः जाऊन सांगितला.

ती पट्टी बसवायला एक अगदी बारका स्क्रू लागतो, तो आमच्या पाटावर नव्हता. त्यानं मोडक्या लॅपटॉपच्या ढिगातून एक शोधून काढला. पट्टी तिरकी आत सरकली, मग दाबून आडवी केली, स्क्रू आवळला. झालं. एवढ्यासाठी माझा कोपरा जाणार होता.

आता नवीन पट्टीवर विंडोज घालायची आणि जुन्या डिस्कवरच्या फाइली उतरवायच्या होत्या. "संध्याकाळपर्यंत लागंल. बाजार करून या," तो म्हणाला. मी गेले नाही. पत्रिकांच्या फाइली आणि माझे जुने फॉन्ट, दोन्ही आलेच पाहिजेत, म्हणून समोर बसून राहिले. फॉन्ट मागे राहिला असता तर सगळ्या भावक्यांची नावं इंग्रजी अक्षरांच्या खिचडीत गेली असती, मग राव कोण आणि किलबिल कोण, सगळे एकाच मापाचे. जुनी डिस्क कुरकुरत, अडखळत एकेक फोल्डर देत होती. मधे एकदा पाच मिनिटं आकडा हललाच नाही. मी पिशवीतला चिवडा खायचा विसरले. मग हलला.

सगळं झाल्यावर त्यानं बटण दाबलं. मी सवयीनं उठून उभी राहिले, धुणं वाळत घालायला जातात तशी. उभी राहते न राहते तोच पडदा उजळला.

"ही माझी न्हाय," मी म्हटलं.

"तुमचीच हाय, काकू. वास घ्या. हळदीचा येतोय."

घरी पोचले तर पुढच्या खोलीत सुतार येऊन बसला होता. दादा उभे होते, आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात लसूण सोलत होत्या. हे नुकतेच कामावरून आलेले, बूट काढत होते आणि बराच वेळ काढत होते. मी डबा टेबलावर ठेवला आणि वायरी जोडायला लागले.

दादा म्हणाले, "अगं, माप घ्यायचंय. तिथनं हलीव ते."

"न्हाय, दादा."

घरात असं झालं की जसं कोणी ताट पाडलं. इतक्या वर्षांत मी दादांना 'न्हाय' म्हटलं नव्हतं. 'बरं' म्हणायचे, 'बघते' म्हणायचे, आणि फार झालं तर आजारी पडायचे.

"काय म्हणालीस?"

"टेबल हलणार न्हाय. मशीन नीट झाली. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिका सुरू हुत्यात."

"मोबाईलवर पाठवत्यात म्हणलो न्हवं लोकं? छापतंय कोण?"

"मोबाईलवरची बी कुणीतरी बनवतंच की, दादा. ती बी मीच बनवीन."

"चार फूट जागा अडवून?"

"साडेतीन," मी म्हटलं. ते मी सकाळीच मोजून ठेवलं होतं.

दादांनी आत्यांकडं बघितलं. आत्या लसणाचं साल उडवत म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघतोस? मला दोन्हीतलं कायबी येत न्हाय. टीव्ही बी न्हाय आन् त्ये बी न्हाय." ह्यांच्याकडं बघायची दादांना गरज वाटली नाही, आणि ह्यांनाही त्याचं काही वाटलं नाही. एक बूट अजून पायातच होता. पण निघालेला बूट हातात घेऊन हे एकदम म्हणाले, "राहू दे की दादा, साडेतीनच फूट हाय." एवढं बोलून बुटात काहीतरी शोधायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशीइतके देखणे हे मला कधी दिसले नव्हते.

सुतार बिचारा टेप उघडून उभा. "मग माप कुठनं घेऊ?"

मी टेबलाच्या कडेला बोट ठेवलं. "हितनं. तिकडं."

त्यानं दादांकडं बघितलं. दादा भिंतीकडं बघत होते. सुतारानं टेपचं टोक माझ्या बोटाशी लावलं.

युनिट झालं. भिंतभर झालं नाही, पण वाईट दिसत नाही. दादा माझ्याशी बोलतात, अजून जरा छताकडं बघून बोलतात. मी त्याचं वाईट वाटून घेत नाही. आधी वाटून घेतलं होतं, तीन-चार दिवस, जेवणही गेलं नाही. मग नरसिंहपूरकडचे एक तात्या नातीची पत्रिका घेऊन आले, एक्केचाळीस नावं, आणि त्यांच्यासमोरच सगळी लावून झाली. तात्या म्हणाले, "झालं? मग आता पाच नावं वाढवू."

सुतार निघताना युनिटच्या प्लायचा उरलेला तुकडा उचलून नेत होता. तो मी त्याच्याकडून मागून घेतला, त्याच्याकडूनच रंधून घेतला आणि फाटकावर ठोकून घेतला. त्यावर मीच रंगानं लिहिलं, 'लग्नपत्रिका बनवून मिळतील', आणि खाली माझं नाव. ह्यांचं नाही, घराण्याचं नाही, माझं. लोक वाचून हसतील, असं दादा छताला म्हणाले. हसतात काही काही. वाचतात तर खरे.