रिकाम्या जाळीपाशी रमलेला उंदीर

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी नेहमी वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर मनातल्या मनात लाल पेन फिरवते. पुरावा कुठाय, साक्षीदार कोण, झोपेत होतात का... माझं कामच ते. त्यामुळे आज स्वतः लिहायला बसलेय तर जरा लाजच वाटतेय. पण लिहिते. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

मी नागपुरात एका फार्मसी कॉलेजच्या लॅबमध्ये उंदरांवर संशोधन करते. विषय ऑटिझम. मादी गाभण असताना तिला एक औषध दिलं की पिल्लं पुढे एकलकोंडी निघतात; ती इतरांत कितपत मिसळतात, हे आम्ही मोजतो. हा विषय मी घेतला तो माझ्या ताईच्या मुलीमुळे, गौरीमुळे. आठ वर्षांची आहे, तिला ऑटिझम आहे. आम्ही मानेवाड्याला एकाच घरात राहतो. गौरी मोजकंच बोलते — पाणी, भात, नको. काही हवं असलं की हात धरून ओढत नेते. पण नुसतं 'हे बघ' म्हणून कुणाला काही दाखवणं, ते तिनं कधीच केलं नव्हतं. ताईचा जीव नेमका तिथेच अडकलेला. "बोलली नाही तरी चालन मले," ती म्हणायची, "पण एखादी गोष्ट मले दाखवावीशी वाटन का वं तिले कधी?"

मी तर फक्त उंदरांचं मिसळणं मोजते.

तर आमची चाचणी अशी — तीन खणांची पेटी. एका टोकाला तारेच्या जाळीखाली अनोळखी उंदीर, दुसऱ्या टोकाला तशीच जाळी, पण रिकामी. मधल्या खणात आपला उंदीर सोडायचा. साधा उंदीर अनोळख्याकडे धावतो, आमचे हे एकलकोंडे फारसे जात नाहीत. दर उंदरानंतर सगळं स्पिरिटनं पुसायचं, कारण मागच्याचा वास राहिला की निकाल बोंबलला.

एप्रिलमधली सकाळ. शेपटीवर निळ्या मार्करची खूण केलेला एक उंदीर सोडला, तो रिकाम्या जाळीकडे गेला. त्यात नवल नाही. पण त्यानं जाळीला नाक लावलं, भोवती फिरला, थांबला, परत आला... आत कोणी हलत असलं की उंदीर करतात अगदी तसं. मी चिडले. पुन्हा पुसलं. बाजू बदलल्या. खोक्यातली कोरी जाळी काढून लावली. तरी तेच! शेवटी अनोळखी उंदीर खोलीबाहेर नेला. आता पेटीत निळा एकटा, खोलीत दुसरा उंदीर नाही. उंदीर आपल्याला ऐकू न येणाऱ्या बारीक आवाजात बोलतात, त्यासाठी आमच्याकडे खास माइक आहे. स्क्रीनवर त्या आवाजांच्या रेघा उमटत होत्या. दोन रेघा, एकमेकींवर चढलेल्या. एका उंदराच्या घशातून एका वेळी असे दोन आवाज निघाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

माझे गाइड सर म्हणाले, "माइक बिघडला असन. आणि स्पिरिटनं नीट पुसलं काय तुमी?"

पुसून पुसून माझे हात सोलवटले होते. मी हो म्हटलं.

शनिवारी दुपारी घरी, कूलरसमोर, निळ्याच्या त्या चाचणीचा व्हिडिओ लॅपटॉपवर पाहत होते. घरात मी चकार शब्द काढला नव्हता, नाहीतर ताईनं आधी लिंबू उतरवलं असतं. कुणी बसलेलं असलं की गौरी त्या खोलीत येत नाही. त्या दिवशी आली. मला खेटून बसली. स्क्रीनकडे पाहून हसली आणि म्हणाली, "दोघं."

"कुठे दोघं, गौरी?"

तिनं रिकाम्या जाळीवर बोट ठेवलं. मग ते बोट जाळीच्या कडेनं हळूहळू सरकलं आणि उंदराचं नाक त्याच्या मागे. पुढे बोट, मागे नाक! मी मुद्दाम पुढचा, तिनं न पाहिलेला भाग लावला. तिथेही तसंच. बोट थांबलं की क्षणभरानं उंदीर थांबायचा.

मग गौरी उठली आणि स्वयंपाकघरातून ताईला ओढत घेऊन आली. ताई सांबारवडीचं, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचं, पीठ मळत होती, हात तसेच भरलेले. "पाणी पायजे का?" ती विचारत होती. गौरीनं तिचं पिठानं भरलेलं बोट धरून स्क्रीनवर टेकवलं आणि मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आईला दिसलं का, ते पाहत होती ती.

ताई म्हणाली, "रश्मी... हे मले दाखवून राहिली वं." आणि रडायला लागली. मीही रडले, उगाच कशाला लपवू?

त्या निळ्या उंदरानं पुन्हा तसं कधी केलं नाही. माइक तपासला, धडधाकट निघाला. सरांनी ते रेकॉर्डिंग बाद केलं आणि त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. त्या दुसऱ्या रेघेचं मला आजवर काही उमगलेलं नाही. गौरीला काय दिसत होतं, तेही नाही. कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा, पण 'वास राहिला असेल' एवढं सोडून.

गौरी काही वेगळी मुलगी झालेली नाही. पाहुणे आले की आजही आत पळते. पण दाखवते. पाल दाखवते, कुकरची वाफ दाखवते. काल संध्याकाळी तिनं ताईला गॅलरीत नेलं आणि रस्त्याकडे बोट केलं. मला तर रोजचीच रहदारी दिसली. ताई मात्र तिच्याशेजारी खूप वेळ उभी राहिली. आत आल्यावर मी विचारलं, काय होतं गं?

"मले तं काही दिसलं नाही," ताई म्हणाली. "पण तिनं दाखवलं न मले."